स्मार्ट मीटरच्या मेसेजबद्दल, चूक माझीच

मंडळी, काल तालमीच्या ग्रुपवर मीच टाकलेलं की नवा मीटर बसला की आधी रिचार्ज मारायचा आणि बॅलन्स संपला की मध्यरात्री लाईट गुल, तर ते चुकीचं हाय. शेजारच्या काकूंकडं नवा मीटर बसून झाला, त्यांचं बिल बघून आलो, वापरल्यानंतर महिन्याचं, पहिल्यासारखंच पोस्टपेड. घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं फडणवीसांनी जून 2024 मध्येच जाहीर केलेलं, माझ्याच ध्यानात न्हवतं. आणि थकबाकीसाठी लाईट तोडायची तरी 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 56 परमानं 15 दिवसांची लेखी नोटीस लागतीच. मीटर नको असंल तर लेखी हरकत जरूर द्या, माझाबी विरोध हायच, पण रिचार्जवाला मेसेज आता पुढं ढकलू नका, पेठेतली म्हातारी माणसं उगंच घाबरल्यात.