लिस्ट प्राइस आणि बाकीच्या गमतीजमती

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत घराच्या जाहिरातीत जी किंमत दिसते ती मनावर घ्यायची नाही, हे एजंटबाईंनी आम्हाला आधीच सांगून टाकलेलं. 18 लाख डॉलर लिहिलंय म्हणजे मालकाला 21-22 हवेत, आकडा मुद्दाम कमी टाकतात म्हणजे गर्दी जमते. लक्ष्मी रोडवर दुकानदार भाव चढवून सांगतो आणि आपण उतरवतो, इथे दुकानदार गप्प बसतो आणि गिऱ्हाईकंच एकमेकांच्या उरावर बसून भाव चढवतात.

शनिवार-रविवार दुपारी ओपन हाउस, म्हणजे विकायचं घर कुणीही येऊन बघावं. बुटांवर निळ्या पिशव्या चढवायच्या आणि आत शिरायचं. घर 1950 च्या दशकातलं, जेमतेम साडेअकराशे स्क्वेअर फूट, पण ओट्यावर काचेच्या बाउलमध्ये डझनभर पिवळीधमक लिंबं. फर्निचर सगळं भाड्याचं, लिंबंसुद्धा असावीत. मग वाचायला डिस्क्लोजरचं, म्हणजे घराबद्दल मालकाने उघड करायच्या माहितीचं बाड: वाळवीचा रिपोर्ट, छपराचा रिपोर्ट, भूकंपात इथली जमीन पातळ होते का त्याचा नकाशा, आणि गेल्या 3 वर्षांत घरात कुणी वारलं असेल तर तेही (कॅलिफोर्नियात तसा कायदाच आहे). एवढं वाचून करायचं काय, तर इन्स्पेक्शनची अट (तपासणीत खोट निघाली तर सौदा मोडायची मुभा) सोडून द्यायची, कारण बाकी सगळ्यांनी सोडलेली असते!

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, भिंत वाजवून दाखव. वाजवली. "अरे पोकळ आहे की रे ही!" भूकंपात लाकडी घर बरं असतं असं समजावलं, तर म्हणे मग भूकंप नसलेल्या गावात बघ ना.

ऑफर दिली, अर्थातच गेली. कर्ज न काढता रोख मोजणारा कुणीतरी घेऊन गेला.

त्या घराशेजारचे आजोबा कुंपणावरून गप्पा मारायचे. इथे जर्दाळूच्या बागा होत्या तेव्हापासूनचे. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) घरावरचा टॅक्स खरेदीच्या किमतीवर लागतो आणि ती किंमत कागदावर वर्षाला फार तर 2 टक्के वाढते, त्यामुळे ते वर्षाला भरतात तेवढा टॅक्स आपल्याला महिन्याला बसणार. मग कोण कशाला विकेल? बायकोने तरी धीर करून विचारलं, तुम्ही विकणार आहात का हो? म्हणाले, छे, मुलाला देणार. मुलगा टेक्सासला मोठ्या बंगल्यात राहतो, पण 2021 पासून नियम बदललाय, वारसाने स्वतः येऊन राहिलं तरच जुन्या टॅक्सची सवलत मिळते, तीही एका मर्यादेपर्यंत.

म्हणून आता तो सहकुटुंब परत यायचं म्हणतोय.