‘फक्त प्रेम द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला एका आईचं उत्तर

हसऱ्या बाळाच्या फोटोखालचा एक मजकूर गेल्या काही महिन्यांत मला चार जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: ‘डाऊन सिंड्रोम हा आईच्या गरोदरपणातल्या चुकांमुळे होणारा आजार आहे. ही मुलं पंचविशी पाहत नाहीत. त्यांची दुखणी सिंड्रोमचीच असतात, त्यावर इलाज नाही. ती कायम आनंदी असतात, त्यांना वेदना कळत नाहीत. मन पाच वर्षांचंच राहतं. म्हणून तपासण्या आणि थेरपीचा छळ नको, फक्त प्रेम द्या.’

पाठवणारे चौघंही माझ्या लेकीला जीव लावतात. ती अकरा वर्षांची आहे आणि तिला डाऊन सिंड्रोम आहे. मेसेज मायेनं लिहिलेला आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. पण कालच बाळाचा रिपोर्ट हातात पडलेल्या आईबापांनी तो खरा मानला, तर बाळाचं नुकसान होईल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आईची चूक. नाही. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, यातल्या बहुतेक मुलांच्या पेशीत ४७. एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा येतं, हे १९५९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. बहुतेक वेळा बीजांड तयार होताना ती जोडी सुटी होत नाही, एवढंच घडतं. आईनं काय खाल्लं, किती काम केलं, कशाची काळजी केली, याचा त्याच्याशी संबंध नाही. आईच्या वयाशी मात्र आहे: पस्तिशीत साधारण ३५० बाळांमागे एक, चाळिशीत १०० मागे एक. तरीही यातली पुष्कळ बाळं तरुण आयांच्या पोटी येतात, कारण मुळात जास्त बाळंतपणं त्यांचीच होतात. शंभरातल्या तीन-चार मुलांमध्ये जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. हा प्रकार कधी कधी आई किंवा वडिलांकडून आलेला असतो, म्हणून गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. पुढच्या बाळाचा विचार करताना ती लागते. आणि हा आजार नव्हे. बाळाची घडणच तशी असते.

पंचविशी पाहत नाहीत. हे एके काळी खरं होतं. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत या लोकांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं. आज चांगले उपचार मिळतात तिथे ते साठीच्या आसपास आहे. गुणसूत्रं तीच राहिली, बदलले ते उपचार, त्यातही हृदयाचे.

जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हृदयाचे डावे आणि उजवे कप्पे वेगळे करणाऱ्या पडद्याला मधोमध मोठं भोक, हा त्यातला नेहमी आढळणारा दोष. त्यामुळे फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जातं. हे फार काळ चाललं तर तिथल्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग ऑपरेशनची वेळ निघून जाते. म्हणून ते बहुधा पहिल्या काही महिन्यांतच करतात. घात असा, की मोठा दोष असूनही सुरुवातीला स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येत नाही आणि बाळ गुलाबी, शांत दिसतं. त्यामुळे ‘दिसतंय तर छान’ यावर विसंबू नका. पहिल्या महिन्याच्या आत हृदयाची इको तपासणी प्रत्येक बाळाची व्हायला हवी. मेसेज ज्याला छळ म्हणतो, त्यात ही तपासणीही येते.

दुखणी सिंड्रोमचीच, इलाज नाही. मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो, कारण त्यात आम्ही स्वतः अडकलो होतो.

लेक सहा वर्षांची असताना हाका मारल्या तरी बघेना. शिकलेले शब्द पुसट झाले, चिडचिड वाढली. ‘ही मुलं हट्टीच असतात’, असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं. आठ महिने गेले. शेवटी कान तपासले तेव्हा दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं निघालं. तिला शब्द कापसातून आल्यासारखे ऐकू येत होते. पडद्यात बारीक नळ्या बसवल्या आणि काही आठवड्यांत ती दारावरच्या टकटकीला वळून बघू लागली. त्या आठ महिन्यांत मी तिला किती वेळा रागावले असेन, ते आठवायला नको वाटतं.

या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, त्यामुळे पाणी साठणं सर्रास होतं. ऐकू कमी आलं की बोलणं मागे पडतं, आणि लोक म्हणतात, ‘बुद्धी कमी’. थायरॉइडचंही तसंच. तो मंदावला की मूल सुस्त होतं, वजन वाढतं, बद्धकोष्ठता होते, आणि ही सगळी लक्षणं सिंड्रोमच्या खाती जमा होतात. रक्ताची तपासणी जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी केली तर ते कळतं, आणि रोजच्या एका गोळीनं भागतं. रात्री घोरणं, मान मागे टाकून किंवा बसून झोपणं, दिवसा लक्ष न लागणं, यामागे झोपेत श्वास अडकणं असू शकतं. चष्मा लागतो, मोतीबिंदूही होतो. गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा सीलिॲक आजार या मुलांत जास्त दिसतो. मानेतले वरचे दोन मणके काहींचे सैल असतात. चाल अचानक बदलली, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

कायम आनंदी, वेदना कळत नाहीत. माझी लेक रुसते, कंटाळते, मैत्रिणीनं बोलावलं नाही की रडते. मोठ्यांमध्ये नैराश्य येतं आणि त्यावर उपचारही असतात. वेदनाही पुरत्या कळतात. फक्त त्या दाखवायला आणि नेमकं कुठे दुखतंय ते सांगायला वेळ लागतो. ‘रडत नाही म्हणजे दुखत नाही’ असं धरलं की फुटलेलं अपेंडिक्ससुद्धा नजरेतून सुटू शकतं.

मन पाच वर्षांचंच. विकास सावकाश होतो, थांबत नाही. स्नायू सैल असल्यानं चालायला सरासरी दोन वर्षं लागतात. कुणी वर्षा-दीड वर्षात चालतं, कुणी चौथ्या वर्षी. बहुतेकांची बौद्धिक अक्षमता सौम्य ते मध्यम असते. बोलण्यापेक्षा समज बरीच पुढे असते, त्यामुळे तोंडून येणाऱ्या दोन शब्दांवरून डोक्यात काय चाललंय ते मोजू नये. ऐकलेलं लवकर निसटतं, पाहिलेलं टिकतं. म्हणून चित्रं, छापील शब्द, हातांच्या खुणा उपयोगी पडतात. खुणांमुळे मूल बोलायला आळस करेल, ही भीती मलाही होती, पण खुणेमागोमाग शब्द येत गेले. डाऊन सिंड्रोम असलेल्या स्पेनच्या पाब्लो पिनेदा यांनी विद्यापीठाची पदवी घेतली. ते नाव मी मापदंड म्हणून देत नाही, कारण सगळ्यांना ते जमणार नाही. पण वयात येणाऱ्या मुलीला पाच वर्षांची समजत राहिलं, तर तिच्या शरीराबद्दल, नकार देण्याबद्दल तिला कोणी काही शिकवतच नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक खरी काळजीही सांगते. अल्झायमरशी निगडित एक जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे, त्यामुळे चाळिशीनंतर त्याचा धोका बराच वाढतो. तरी मोठं माणूस विसरायला लागलं, गप्प झालं, की लगेच अल्झायमर ठरवू नये. आधी थायरॉइड, कान, डोळे, झोप आणि मन तपासावं. पूर्वी त्या माणसाला काय काय येत होतं, हे ठाऊक असेल तरच बदल ओळखता येतो. म्हणून लेकीसाठी मी एक वही ठेवली आहे. केस विंचरणं, घड्याळ बघणं, फोन लावणं, जे जे ती आपलं आपण करते, ते तारीख घालून लिहिते. गेल्या आठवड्यातली नोंद आहे: बुटाची नाडी, दोन्ही पायांची, मदत नाही.