रंग मारला की झालं म्हणणाऱ्यांनो

मावसभावंडांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. दादाला कोथरूडचा फ्लॅट विकायचाय आणि आतल्या बेडरूमच्या भिंतीला वरच्यांच्या बाथरूममधून ओल येते. घेणाऱ्याला हे सांगायचं का, यावर सगळ्यांनी आपापलं मत दिलं आणि सगळ्यांचं मत एकच निघालं, की सांगायचं कशाला? पोपडे खरवड, पुट्टी भर, रंगाचे दोन हात मार आणि कपाट तिकडे सरकव. एका वहिनीने तर मे महिन्यात दाखव, सगळं वाळलेलं असतं असंही सुचवलं. आणि वर ठरलेलं वाक्य, घेणाऱ्याने बघून घ्यावं ना, डोळे नाहीत का त्याला.

माझीही नेमकी आत्ताच इथे न्यू जर्सीत घर विकायची धावपळ चालू आहे, गुरुवारी इन्स्पेक्शन आहे, त्यामुळे मी जरा जास्तच चिडले असेन. मी लिहिलं की इथे असं चालत नाही. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, झालं हिचं अमेरिका पुराण सुरू.

बरं, पुराण तर पुराण. ऐका आता.

अटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलांनी करार तपासायचा काळ, संपला की बायरचा इन्स्पेक्टर येतो. फी बायर भरतो, काही शे डॉलर, आणि तो माणूस तीन-चार तास घरभर फिरतो, आपण तेव्हा घरात थांबायचं नसतं. अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढतो, घराखालच्या बुटक्या क्रॉल स्पेसमध्ये सरपटतो, नळ एकदम सोडून प्रेशर बघतो, बेसमेंटचं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपात बादलीभर पाणी ओततो, प्रत्येक आउटलेटमध्ये टेस्टर खुपसतो. मग फोटोंसकट जाडजूड रिपोर्ट, ज्यात आपल्या घराची अब्रू पानापानावर निघालेली असते. त्यामुळे आधी तयारी करावी लागते आणि ती तयारी म्हणजे सोफ्यावर नवीन उशा ठेवणं नव्हे. तो जिथे जाणार तिथे त्याला पोचता आलं पाहिजे हे पहिलं. इलेक्ट्रिक पॅनलला पोचता आलं नाही तर तो हात झटकतो आणि रिपोर्टमध्ये लिहितो की तपासता आलं नाही, आणि बायरला त्याचा अर्थ एकच लागतो, की काहीतरी लपवतायत.

आमच्या पॅनलसमोर इंडियाच्या मोठ्या बॅगा, एकात एक घातलेल्या, त्यांच्यावर गणपतीच्या मखराचा खोका, त्यावर मुलांच्या जुन्या स्नो बूटांची पिशवी. ते सगळं हलवलं तर मागे भिंतीला पाण्याची फिकट रेघ, जमिनीपासून चार बोटांवर. जुनी आहे, छपराचं पाणी खाली आणणारा डाउनस्पाउट लांब करून घेतला आणि घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार दिला तेव्हापासून पाणी आलेलं नाही. नवरा म्हणाला घासून टाकू का. मी म्हटलं हात लावू नकोस, बिलं काढून ठेव.

दादा, तुझ्या पुट्टीवाल्यांना हेच सांगायचंय मला. आमच्या रिअल्टरने, म्हणजे घर विकून देणाऱ्या एजंटने, पहिल्याच दिवशी बजावलं की घर रंगवायचं तर सगळी खोली रंगवा, पण सीलिंगच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला की इन्स्पेक्टर पहिलं काय करतो तर खिशातून मॉइश्चर मीटर काढतो. रंगाने डाग जातो, ओल जात नाही, मीटर बरोबर दाखवतं. त्यापेक्षा गळती कुठून होती, कोणी दुरुस्त केली, कधी केली याचा कागद टेबलावर ठेवा. बाकी बारीकसारीक कामं तर स्वतःच करायची, छपराची गटरं साफ, फर्नेसचा फिल्टर नवा, उडालेले बल्ब बदलायचे कारण बल्ब गेलाय का वायरिंग हे तो ठरवत बसत नाही, किचन-बाथरूमचे जीएफसीआय, म्हणजे शॉक लागू नये म्हणून आपोआप वीज तोडणारे आउटलेट, बटण दाबून बघायचे, शेडची किल्ली ठेवायची. बाथरूमचा एक्झॉस्ट बाहेर न काढता अ‍ॅटिकमध्येच सोडलाय असं बऱ्याच घरांत निघतं, आमच्याकडेही निघालं, आधीच्या मालकाची कृपा. जमिनीतून घरात येणारा रॅडॉन हा किरणोत्सारी वायू लिटरमागे चार पिकोक्युरीच्या वर गेला तर मिटिगेशनचा, म्हणजे तो कमी करायचा, खर्च कोणी करायचा यावर घासाघीस होणार हेही धरून चालायचं.

आणि एवढं सगळं बघूनसुद्धा तो भिंत फोडत नाही. जे दिसतं तेवढंच बघतो. म्हणून जे दिसत नाही ते आपण सांगायचं असतं, न्यू जर्सीत तर ऑगस्ट 2024 पासून डिस्क्लोजर फॉर्म भरून देणं सक्तीचंच झालंय. छत कधी गळलं का, बेसमेंटमध्ये पाणी आलं का, जमिनीत ऑइल टँक आहे का, परमिट न काढता काही बांधलंय का, सगळं विचारतात. (या शेवटच्या प्रश्नाला तिकडे बंद करून घेतलेल्या बाल्कन्यांसाठीच वेगळी पुरवणी जोडावी लागेल.)

यावर दादाचा मुद्दा असा की तुम्ही काय हरिश्चंद्र नाही, तुम्हाला कोर्टाची भीती आहे म्हणून सांगता. असेल! मग भीती का असेना. घेणाऱ्याला कळलं ना भिंतीत पाणी आहे ते? आणि कायदा तुमच्याकडे नाही असं कोणी सांगितलं? ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट 1882 चा आहे, त्याच्या कलम 55 मध्ये सरळ लिहिलंय की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. 1882! कपाटामागची ओल यात बसते का नाही ते वकिलाला विचारा, पण डोळे नाहीत का त्याला, हे काही त्यावरचं उत्तर नाही. हे मी ग्रुपवर टाकलं त्यावर कोणी काही बोललं नाही, वीस मिनिटांनी ग्रुपमधल्या एका काकांनी सुप्रभातचं फूल पाठवलं.

तिकडे काही तपासतच नाहीत असं मी म्हणत नाही. वकील मालकीचा तीस वर्षांचा टायटल सर्च काढतो, इंडेक्स टू हा नोंदणीचा उतारा बघतात, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, ओसी म्हणजे भोगवटा दाखला, जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय का, एकेका कागदासाठी माणूस चपला झिजवतो. आणि एवढा कागदांचा कीस काढून झाला की फ्लॅट बघायला मात्र पंधरा मिनिटं, हॉलमध्ये वारा छान येतो, पाणी किती वेळ असतं, पार्किंग कव्हर्ड आहे का, झालं. आयुष्यभराची कमाई ओतताना एकही नळ कोणी सोडून बघत नाही. नव्या इमारतीत बिल्डरवर निदान रेरा कायद्याची पाच वर्षांची जबाबदारी असते, रिसेलला तेही नाही.

आता दादाने माझ्यावर सोडलेला बाण, की 2021 मध्ये तुमच्याचकडे लोक इन्स्पेक्शन नको म्हणून घरं घेत होते, मीच तेव्हा त्याला फोनवर सांगितलेलं. हो, घेत होते, बिडिंग वॉरच तसं होतं, इन्स्पेक्शन सोडलं नाही तर ऑफरकडे कोणी बघतही नव्हतं. मॅसॅच्युसेट्सने तर त्यापायी 2025 मध्ये नियम काढला की इन्स्पेक्शन सोडायची अट सेलरने घालायची नाही. म्हणजे लबाडीला वाव मिळाला की इकडचेही घेतात, फक्त इकडे नंतर नियम येतो. माझ्या सोयीचं बोलतेय असं वाटत असेल तर वाटू दे.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. माझं छत माझं आहे, गळलं तर मी रूफरला बोलावते. दादाची ओल दादाची नाहीच, ती वरच्या काकांच्या बाथरूमची आहे. बाथरूमच्या गळतीचा खर्च ज्याची गळती त्याने करायचा असतो, सोसायटी त्यात पडत नाही, आणि काका टाइल्स फोडू देत नाहीत. सेक्रेटरीला पत्रं देऊन झाली, प्लंबर दोनदा दारातून परत गेला. म्हणजे दादाने खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या अडेलपणाचे पैसे स्वतःच्या किमतीतून कापून द्यायचे. यावर माझ्याकडे अमेरिकन उपाय नाही.

आणि दुसरा बाण जास्त लागला. घर मार्केटला टाकताना रिअल्टरने हसत हसत सांगितलं की घर न्यूट्रल दिसू दे, म्हणून देव्हारा क्लोजेटमध्ये ठेवला, फोटो उतरवले, फोडण्या बंद, रेंज हूडची जाळी डिग्रीझरने घासून काढली. हे मी मागे गप्पांमध्ये बोलून गेले होते. दादाने लिहिलं, ओल लपवली तर पाप आणि देव लपवले तर मार्केटिंग का गं? मी हसायचा इमोजी टाकला. देव लपवले म्हणून घेणाऱ्याचं नुकसान होत नाही हे खरं असलं तरी ते टाइप करवेना.

गंमत म्हणजे या घराचा तो सगळा फॉर्म मी कोणाला न विचारता भरला. कुठला पाइप कडाक्याच्या थंडीत गोठतो, कुठल्या ब्रेकरवर काय आहे, सगळं पाठ. आईबाबांच्या नाशिकच्या फ्लॅटचा असाच फॉर्म भरायला बसवलं तर पहिल्या पानावरच अडेन. टाकी कधी धुतली, मेन कॉक कुठे आहे, मला माहीत नाही, दर वेळी जाते, जेवते, झोपते, परत येते. ते घर विकायची वेळ आली तर दोष सांगायला धाकट्या भावालाच बसवावं लागेल आणि सही करायला मी, असं काहीतरी होईल.

दादा, तरी माझं मत बदललेलं नाही. रंगाचे पैसे वाचव, ओल दाखव, दोन लाख कमी घे आणि झोप शांत. वरच्या काकांशी मी बोलते म्हटलं, लहानपणी सुट्टीत त्यांच्याच गॅलरीतून आम्ही पतंग काढायचो. तर दादा म्हणतो कर की फोन, पण आधी कोण बोलतंय ते नीट सांग, ते तुला ओळखणार नाहीत. करणारच आहे मी. गुरुवार उरकला की.