‘ओढ्यात कसला जीव?’ या मेसेजला उत्तर

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आपले ओढे आठ महिने कोरडे. त्यात कसला जीव? नुसते डास. जेसीबी लावा, खोल आणि सरळ करा. मासे-खेकडे हवेत तर उजनी आहेच.’ पाणी अडवायला माझा विरोध नाही. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात तो कुणाचाच नसेल. पण मेसेजमधलं बाकीचं चुकीचं आहे.

‘कसला जीव?’ बार्शीकडं बालाघाटाच्या उतारावर, श्रावणात वाहत्या ओढ्यात उतरा आणि एक दगड उलटा करून बघा. तीन शेपट्यांची चपटी अळी सावलीकडं सटकते. शेजारी तांदळाएवढी वाळूची नळी चिकटलेली असते; आतल्या अळीनं एकेक कण स्वतःच्या रेशमानं जोडून ते घर बांधलेलं असतं. ओढा आटला की खेकडे ओल लागेपर्यंत बीळ खोल नेतात. गोगलगायी तोंडावरचं झाकण लावून गाळात पडून राहतात. खडकातल्या डबक्यांत उताणं पोहणारे, झिंग्यासारखे पारदर्शक जीव असतात; त्यांची अंडी सुक्या गाळात वर्षानुवर्षं टिकतात. मे महिन्यात जेसीबीच्या बकेटात नुसता गाळ-मुरूम दिसतो, पण पुढच्या पावसाळ्याचं बियाणं त्यातच असतं.

‘नुसते डास.’ डेंग्यूचा डास वाढतो तो घरात: रांजण, कूलर, टायर. पाणी काही दिवसांआड येतं म्हणून आपणच ते भरून ठेवतो. मलेरियाचा डास ओढ्याच्या डबक्यात होतो, हे खरं. पण त्याच्या अळ्या खाणारी चतुर किड्याची पिल्लंही त्याच डबक्यात असतात. नव्यानं खोदलेल्या चरात पाणी साचलं की डास आधी येतात, चतुर मागून. गप्पी मासे सोडले तर ते डासांच्या अळ्यांबरोबर बाकीच्या अळ्याही खातात. ते मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ओढ्यात सोडूच नयेत, घरच्या टाकीत ठीक.

‘उजनी आहेच.’ उजनीचं पाणी साचलेलं आणि खोल. दगडाखालच्या अळीला उथळ, खळाळतं पाणी लागतं. ती तिथं जगत नाही. शिवाय हे ओढे भोगावतीला, भोगावती सीनेला आणि सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. काठच्या करंज-उंबराचा पाला हे बारके जीव कुरतडतात, त्याचा चुरा पाण्याबरोबर खाली जातो आणि खालच्या जिवांचं पोट भरतो.

ग्रामसभेत खोलीकरणाचा ठराव आला तर एवढं मागा: गाळ बंधाऱ्यामागचा काढा, डोह आणि वळणं राहू द्या, काठची झाडं तोडू नका, आणि सगळा ओढा एकाच उन्हाळ्यात उकरू नका.