अर्धा लिटर रस आणि मावशींची केमो

ताई, तुमची प्रतिक्रिया झोंबली. माझ्या मागच्या लेखाच्या शीर्षकाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ‘भाजीपाल्याने कॅन्सर बरा होत नाही’ हे मी जरा फटकन लिहिलं. बाकीच्या मुद्द्यांवर भांडणार आहे.

तुमचा आरोप असा : मी वनस्पतींची ताकद नाकारतो, मावशींना केमो चालू असताना तुम्ही देता त्या गव्हांकुर-गाजराच्या रसाला हसतो, आणि वर ‘इस्ट्रोजेनवाल्या’ सोयाबीनची भलामण करतो. (इस्ट्रोजेन म्हणजे स्त्री-संप्रेरक; स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरना ते खतपाणी घालतं, म्हणून ही धास्ती.)

ताकद कोण नाकारतंय? अंगणातल्या सदाफुलीतल्या अल्कलॉइड या द्रव्यापासून विनोरेलबीन हे औषध बनतं, ते स्तनाच्या कॅन्सरवर देतात. पण ते मोजूनमापून, रक्ताचे रिपोर्ट बघून. सदाफुलीची पानं चावून तो डोस साधत नाही, विषबाधा मात्र होते.

रसाचं म्हणाल तर हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या ३०८८ बायका. निम्म्यांना रोज पाच वाट्यांच्या आसपास भाज्या, वर जवळपास अर्धा लिटर भाज्यांचा रस, फळं, भरपूर तंतुमय पदार्थ, तेल-तूप कमी. सरासरी सात वर्षं पाठपुरावा झाला, २००७ साली निकाल आला. कॅन्सर उलटला तो या गटात १६.७ टक्के जणींचा, दुसऱ्या गटात १६.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. (दुसऱ्या गटालाही बेतानं फळं-भाज्या खायला सांगितलं होतं, हे विसरू नका. भाजी निरुपयोगी, असा याचा अर्थ नाही.)

सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन नावाचे घटक इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण वागतात बरेच वेगळे. शांघायमधल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ५०४२ रुग्णांच्या २००९ सालच्या अभ्यासात जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि कॅन्सर उलटणं, दोन्ही कमी आढळलं. श्रेय एकट्या टोफूला देता येणार नाही, पण सोयाने कॅन्सर वाढेल या भीतीला आधार उरत नाही. हे जेवणातल्या सोयाबद्दल. गोळ्या-पावडरींबद्दल मी काही म्हटलेलं नाही.

आता मावशी. केमोत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा कच्च्या रसातले जंतू महागात पडू शकतात. तोंड आलं असेल तर मऊ मेतकूट-भात, मुगाचं घट्ट वरण, चालत असेल तर अंडं. वजन टिकलं तर केमोची पुढची सायकल (फेरी) वेळेवर होण्याची शक्यता वाढते. आणि रस देताय हे डॉक्टरांना सांगितलंय का? प्रतिक्रियेत तेवढं कुठे दिसलं नाही. पुढच्या तारखेला नक्की सांगा, ओरडले तरी.