पेपर त्याचा, हात आपला

फेब्रुवारी जवळ आला की व्हॉट्सॲपच्या गटांवर एक मजकूर फिरायला लागतो: 'दहावीच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी लेखनिक हवा आहे. पेपर अमुक तारखेला, केंद्र अमुक शाळा.' खाली पटापट होकार येतात. कुणी इंजिनिअर असतो, कुणी प्राध्यापिका, कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका. सगळ्यांची इच्छा मनापासूनची असते आणि यातल्या एकालाही त्या पेपरला बसता येत नाही.

कारण साधं आहे. लेखनिक म्हणजे परीक्षार्थीला प्रश्न वाचून दाखवणारा आणि तो सांगेल ते उत्तर त्याच्या वतीने लिहिणारा. त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. दहावीच्या मुलाला नववीतला किंवा त्याखालचा लेखनिक लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने एक पायरी खालचा असावा, असं म्हटलं होतं. काही ठिकाणी विद्याशाखाही वेगळी मागतात. हे नियम परीक्षेगणिक वेगळे असतात आणि बदलतातही, त्यामुळे त्या त्या परीक्षेचं ताजं परिपत्रक वाचल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नये. पण मुद्दा हा, की दहावीच्या पेपरसाठी तुम्ही उपयोगाचे नाही, तुमची नववीतली मुलगी आहे. तिला विचारा. तिच्या शाळेशी बोला, तिच्या वार्षिक परीक्षेच्या तारखा आड येत नाहीत ना ते बघा. या कामातलं तुमचं पहिलं योगदान एवढंच असू शकतं आणि ते लहान नाही.

'ब्रेल असताना लेखनिक कशाला?' असं बरेच जण विचारतात. ब्रेलमध्ये उत्तरं लिहिता येतात, संगणकावरही देता येतात आणि नियमांत तो पर्याय शक्य तिथे द्यावा असं आहे. पण ब्रेल वाचणारे परीक्षक किती केंद्रांना मिळणार? शिवाय ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली, त्यांच्यातल्या अनेकांना ब्रेल येत नाही. ज्यांचे दोन्ही हात निकामी आहेत किंवा ज्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, त्यांनाही लेखनिक लागतो. रायटर्स क्रॅम्प म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला, की अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली आहे एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. तेव्हा गरज आपल्याला दिसते त्याहून बरीच मोठी आहे.

आता प्रत्यक्ष कामाचं सांगतो.

कागदपत्रं आधी. लेखनिकाचं ओळखपत्र, शाळा-कॉलेजचा बोनाफाइड दाखला, फोटो आणि त्या परीक्षेचा ठरलेला हमीपत्राचा नमुना. यातला एखादा कागद पेपरच्या सकाळी कमी निघाला, तर केंद्रसंचालकांपुढे उभं राहण्यात विद्यार्थ्याचा जीव अर्धा होतो आणि त्याच मनःस्थितीत त्याला पेपर द्यावा लागतो. म्हणून आठवडाभर आधी सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवावं, झेरॉक्सच्या दोन-दोन प्रतींसकट.

मग एकत्र सराव. परीक्षा घेणारी संस्था लेखनिक देत असेल, तर त्याला दोन दिवस आधी भेटायची मुभा उमेदवाराला असावी, असं २०१८ च्या सूचनांमध्येच होतं. पण खरं तर एक अख्खा जुना पेपर दोघांनी मिळून सोडवून बघायला हवा. त्यात कळतं, की हा मुलगा भरभर बोलतो आणि मग थांबतो, की वाक्य आधी मनात जुळवून सावकाश सांगतो. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या वर सहज जातो, हाताने सुवाच्य लिहिण्याचा वीस-पंचवीसच्या आसपास राहतो. ही दरी कशी भरायची, ते सरावातच ठरतं. चार-पाच शब्दांचा तुकडा सांगायचा, लेखनिकाने लिहून होताच त्यातला शेवटचा शब्द उच्चारायचा, की विद्यार्थी पुढचा तुकडा देतो. ही लय एकदा बसली की 'झालं का?', 'थांब जरा', 'काय म्हणालास?' यात जाणारी मिनिटं वाचतात.

वेळेचं गणित दोघांना तोंडपाठ हवं. तासाला किमान २० मिनिटं जास्तीची मिळतात. म्हणजे ८० गुणांचा तीन तासांचा पेपर २४० मिनिटांचा होतो. सुरुवातीला प्रश्नपत्रिका पूर्ण वाचायला १५ मिनिटं, शेवटी उत्तरं वाचून दाखवायला २५. उरली २००, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं. चार गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं आली. त्यातला निम्मा वेळ विचारात आणि सांगण्यात जातो, म्हणून त्या उत्तरात शंभर-सव्वाशे शब्दच बसतात. हे माहीत नसलेला विद्यार्थी पहिल्या प्रश्नावर दोन पानं सांगतो आणि शेवटचे बारा गुण कोरे राहतात. वेळ दर अर्ध्या तासाने न विचारता सांगावी, आणि सांगताना कुठवर आलो तेही सांगावं: 'एक तास झाला, आपण तिसऱ्या प्रश्नाच्या ब-मध्ये आहोत.'

वाचण्याचीही एक शिस्त आहे. प्रश्न क्रमांक, उपप्रश्न, गुण आणि 'खालीलपैकी कोणतेही तीन' हे शब्द कधीही गाळू नयेत. 'किंवा' गाळला, तर विद्यार्थी दोन्ही प्रश्न सोडवून बसतो. चार पर्याय वाचताना चारही एकाच आवाजात वाचायचे. बरोबर पर्यायावर आवाज नकळत थोडा जड होतो, हे लेखनिकाला स्वतःला कळतही नाही, विद्यार्थ्याला मात्र लगेच कळतं. जोड्या लावा असेल तर आधी अ गट पूर्ण, मग ब गट पूर्ण, मग अ-मधला एक-एक शब्द घेऊन पुन्हा ब गट. उताऱ्यावरच्या प्रश्नांत आधी प्रश्न वाचा, मग उतारा, मग पुन्हा प्रश्न. काय शोधायचं ते ठाऊक असेल तर ऐकताना कान तिथे आपोआप थांबतो.

गणितात तर जिभेवर फार काबू लागतो. 'अ अधिक ब चा वर्ग' असं म्हटलं तर वर्ग फक्त ब चा की बेरजेचा? म्हणून 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस बंद, पूर्ण कंसाचा वर्ग'. अपूर्णांकात 'अंशात हे, छेदात हे'. वर्गमूळ कुठे संपतं तेही बोलायचं. तक्ता असेल तर स्तंभांची नावं आधी, मग ओळीने प्रत्येक आकडा. टेलर फ्रेम (खाचांमध्ये खुंट्या बसवून स्पर्शाने गणित करायची पाटी), अबॅकस, बोलका कॅल्क्युलेटर ही साधनं वापरायला २०१८ च्या सूचनांनी परवानगी दिली होती, पण ती पर्यवेक्षकांना आधी दाखवून ठेवलेली बरी.

भाषेच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घ कुणाचं? विद्यार्थ्याचं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. बोलताना बहुतेकांच्या तोंडी फरक राहत नाही, म्हणून शंका आली की विचारायचं: पहिला की दुसरा? इंग्रजीच्या पेपरात स्पेलिंग विद्यार्थ्याने अक्षर अक्षर सांगायचं. सरावात हे टाळलं, तर पेपरमध्ये लेखनिक आपलंच शुद्धलेखन घालतो. भाषेचा पेपर म्हटल्यावर ही सरळ सरळ लबाडी होते, मग हेतू कितीही चांगला असो.

आणि हीच या कामातली सगळ्यात कठीण जागा आहे. एखादं उत्तर चुकीचं सांगितलं जातंय हे समोर दिसतं. सन चुकलाय, सूत्र उलटं झालंय. हात थांबतो. तो थांबू द्यायचा नाही. जे कानावर आलं तेच कागदावर गेलं पाहिजे. 'नक्की का?' असं विचारणंही मदतच ठरते, कारण बाकीच्या उत्तरांना तुम्ही तसं विचारत नसता. शब्द ऐकू आला नाही तर 'पुन्हा सांग' एवढंच. माया म्हणून केलेली एक दुरुस्ती त्या मुलाच्या बाकीच्या सगळ्या बरोबर उत्तरांवर संशय आणते. 'लेखनिकाने लिहिलं असेल' हे वाक्य दृष्टिहीन विद्यार्थ्यांना निकालानंतर, प्रवेशाच्या वेळी, नोकरीच्या मुलाखतीत ऐकावं लागतं. ते खोटं ठरवायचं असेल तर उत्तरपत्रिकेत लेखनिकाचा एक शब्दही नको.

या सेवेतून आपल्याला काय मिळतं, याचं माझं उत्तर इथेच आहे. पुण्याचा हिशोब मला करायचा नाही. एरवी कुणी बोलताना अडखळलं की आपण त्याचं वाक्य पूर्ण करून टाकतो. घरी म्हाताऱ्या आईचं, वर्गात लाजऱ्या मुलाचं, ऑफिसात नव्या सहकाऱ्याचं. इथे समोरचा वीस सेकंद शब्द शोधत राहतो, तुम्हाला तो शब्द माहीत असतो, आणि तुम्ही गप्प बसता. मग तो शब्द त्याला सापडतो. बऱ्याचदा तुमच्या मनातला नसून वेगळाच, अधिक नेमका असतो. चार तास आपलं मत कुणी विचारत नाही, आपली हुशारी कुणाला नको असते, आणि तरीही आपल्यावाचून काम अडतं. असा अनुभव दुसऱ्या कुठल्या कामात क्वचितच मिळतो. त्याने माणूस ऐकायला शिकतो, आणि ते शिक्षण परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेरही टिकतं, असं मला मनापासून वाटतं. नववीतल्या मुलीला ते चौदाव्या वर्षी मिळालं तर किती चांगलं!

सगळ्यात मोठं नुकसान कशाने होतं तेही लिहितो: आदल्या रात्री आलेल्या 'सॉरी, जमणार नाही' या निरोपाने. ऐनवेळी लेखनिक बदलायची लवचीकता असावी असं २०१८ च्या सूचनांत म्हटलं होतं, पण रात्री दहाला नियमात बसणारं, कागदपत्रं तयार असलेलं दुसरं माणूस आणायचं कुठून? होकार देताना लग्नाच्या तारखा, स्वतःच्या परीक्षा, गावची जत्रा सगळं बघून द्या. आणि विद्यार्थ्याला आधीच एक राखीव लेखनिक शोधून द्या, त्याचीही कागदपत्रं तयार ठेवून. प्रत्येक विषयाला वेगळा लेखनिक घेण्याचीही सोय २०१८ च्या सूचनांत होती; तुमच्या परीक्षेला ती असेल तर एकट्याने सगळे पेपर अंगावर घ्यायची गरज नसते.

ज्यांचं शिक्षण आड येतं, त्यांच्यासाठी काम भरपूर आहे. सराव पेपर कुणीही घेऊ शकतं, त्याला नियम नाही. ऑनलाइन अर्ज भरून देता येतात. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करता येतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, अपंग व्यक्तींसाठी नफा न घेता पुस्तकाचं त्यांना वापरता येईल असं रूप तयार करायला मोकळीक दिली आहे. तेव्हा मनात भीती नको. पहाटेची वेळ घ्या, पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. सुरुवातीला पुस्तकाचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष सांगा, कारण पाठ्यपुस्तकं बदलतात आणि जुन्या आवृत्तीवर अभ्यास केलेला मुलगा परीक्षेत फसतो. एका धड्याची एक फाइल करा. पान बदललं की पान क्रमांक बोला. चित्र असेल तर दोन-तीन वाक्यांत काय दिसतं ते सांगा, 'इथे आकृती आहे' एवढ्यावर सोडू नका. मुद्दाम सावकाश वाचू नका, ऐकणारे वेग वाढवून ऐकतात. अभिनयही नको.

आणि रस्त्यावर, बसथांब्यावर, ज्याला काही कागदपत्र लागत नाही ते. दृष्टिहीन व्यक्तीला आधी विचारा, 'सोबत येऊ का?' नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर तिचा हात ओढू नका, तिला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. काठीला हात लावू नका. जिना वर जातो की खाली, ते पहिल्या पायरीआधी सांगा. खुर्चीत ढकलून बसवायचं नाही, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला की पुरे. 'तिकडे ठेवलंय' याचा काही उपयोग नसतो, 'तुमच्या उजव्या हाताला टेबलाच्या कडेशी' असं सांगा. ताटातले पदार्थ घड्याळाच्या काट्यांनी सांगता येतात: बाराला वरणभात, तीनला भाजी, नऊला कोशिंबीर.

पेपर संपतो तेव्हा पुरवण्यांची संख्या विद्यार्थ्याला मोजून सांगा, बैठक क्रमांक पुन्हा एकदा वाचून दाखवा, उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात त्याच्या देखत नाही तर त्याच्या कानावर घालून द्या: 'दिली बरं का.' बाहेर त्याला न्यायला कोण आलंय ते बघा. आणि फाटकापाशी निघताना 'मी निघते आता' हे मोठ्याने बोला. नाहीतर तो मुलगा पाचव्या प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलत राहतो आणि तुम्ही तिथे नसता.