‘रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला कसलं आलंय डिप्रेशन?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की मनाचे आजार हे श्रीमंतांचे चोचले आहेत. सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या, तरी बायकांनी विड्या वळून घरं चालवली. त्यांना कधी डिप्रेशन आलं नाही. माणूस कामात राहिला की डोकं ताळ्यावर राहतं, गोळ्यांची सवय लागते, आणि ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं विचारणं म्हणजे नसतं खूळ डोक्यात भरवणं.

चोचल्यांचं आधी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत सर्वेक्षण केलं. त्यात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मनाचा कुठला ना कुठला आजार होता, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना त्याचा धोका जास्त दिसला.

आता विड्या. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मन कितीही खचलं तरी हात थांबवणं परवडत नाही आणि आकडा भरला जातोच. म्हणूनच घरच्यांना कळत नाही. बघायचं असतं ते आकड्याच्या आजूबाजूला. संध्याकाळी उरकणारं काम रात्री उशिरापर्यंत रेंगाळतं. विड्या सैल वळल्या जातात, तपासणीत जास्त बाद होतात. शेजारणींच्या घोळक्यात गप्पा मारत वळणारी बाई पानं-तंबाखूचं सूप घेऊन आतल्या खोलीत बसायला लागते. पहाटे तीन-चारला जाग येते ती परत डोळा लागत नाही. दरवर्षी पोरांना हौसेनं गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेणारी यंदा म्हणते, “तुम्हीच जाऊन या.” यातलं एखादं कुणालाही होतं. तीन-चार गोष्टी दोन आठवडे सलग दिसल्या, तर मात्र ‘थकली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

बाप्यांमध्ये हेच दुखणं बहुधा चिडचिड आणि दारूच्या रूपात बाहेर येतं, म्हणून मागावरच्या कामगाराला कुणी आजारी समजत नाही, नुसतं बेवडा म्हणतात.

‘कधी आलं नाही’ असं वाटतं, कारण ते डिप्रेशन म्हणून दवाखान्यात जातच नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अंग जड झालंय अशी तक्रार घेऊन जातं. एक सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसरा डॉक्टर. शेवटी सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, की घरात ‘नाटक करते’ हे ठरून जातं. उलट चूकही होते, तीही सांगायला हवी. दिवसभर मान वाकवून बसल्यावर मान-पाठ खरोखरच दुखते, आणि रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी आधी करून घ्यावी.

‘कामात राहिलं की बरं वाटतं’ यात निम्मं तथ्य आहे. ठरवून छोटी-छोटी कामं करायला लावणं हा उपचाराचाच एक भाग असतो. फक्त ती कामं माणसाला पूर्वी आवडणारी लागतात: देवळापर्यंत चालणं, बहिणीकडे जाऊन बसणं. सक्तीचे बारा तास त्यात धरायचे नाहीत.

विचारायचं कसं? सासूसमोर, जेवणाच्या पंगतीत नको. दोघंच असताना, हात कामात असताना विचारा. ‘तुला झालंय तरी काय’ याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. त्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं सांगा: “पंधरा दिवस बघतोय, तू अर्धी भाकरी ठेवून उठतेस.” आणि मग गप्प बसा. इथेच बहुतेकांचं चुकतं. समोरची दोन वाक्यं बोलते न बोलते तोच आपण ‘मन खंबीर कर’ सुरू करतो, आणि ती परत आत मिटते.

गोळ्यांची भीती रास्त आहे, पण ती भलत्याच गोळीला चिकटलीय. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, ज्या लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहतात. डिप्रेशनच्या नेहमीच्या औषधांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मळमळ, पोट बिघडणं पहिल्याच आठवड्यात होतं. त्यामुळे बरेच जण तिथेच सोडतात. उरलेले दोन महिन्यांनी बरं वाटलं की सोडतात, आणि दुखणं उलटतं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं असतं. एकदम बंद केलं तर चक्कर येऊ शकते. दुखणं सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही भागतं.

सरकारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढताना मानसोपचार ओपीडी सांगायची. जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पहिल्या खेपेला घरचं कुणीतरी बरोबर असावं. डॉक्टरांशी तेलुगू किंवा कन्नडमध्येच मोकळं बोलता येत असेल तर दुभाषी म्हणून पोरांना उभं करू नका. पोरांदेखत आई खरं बोलत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारल्याने ते मनात शिरत नाहीत. ज्याच्या मनात ते आहेत, त्याला उलट सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचं औषध घरात असेल तर ते कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. औषधगोळ्यांचा साठाही तसाच. हातासरशी साधन नसलं, की तो घातक तास टळतो. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. स्वतः आजारी नसलेल्या, पण घरातल्या माणसाची काळजी लागलेल्यानेही तो फिरवायला हरकत नाही.